बोळक्यांची बाजू

सरकारने नेमलेल्या आयोगात कोण आहेत, तो बसतो कुठे, काम काय करतो, याची चौकशी आपण सहसा करत नाही. चौकशी होते ती त्याच्या दातांची. ‘आयोग म्हणजे दात नसलेला वाघ’ हे वाक्य अग्रलेखांत इतक्यांदा येऊन गेलंय की संपादकाने नुसतं ‘आयोग’ म्हटलं तरी पुढचं आपोआप छापून येत असावं. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या बाबतीत तर २०१६ साली खुद्द आयोगाच्या अध्यक्षांनीच ही उपमा स्वतःच्या संस्थेला लावून घेतली, आणि २०१७ साली मणिपूरच्या प्रकरणात निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. एवढ्या वरून आलेली उपमा खाली झिरपणारच. ती झिरपत झिरपत आमच्या सोसायटीच्या पार्किंग उपसमितीपर्यंत पोचली. समितीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि कारण लिहिलं, ‘समितीला दात नाहीत.’ हे गृहस्थ प्रत्येक सभेत दात-ओठ खाऊन बोलायचे. म्हणजे समितीला नसतील, पण अध्यक्षांना होते, आणि चांगले मजबूत होते. ‘ब’ विंगच्या स्कूटरी तरीही जिन्याखालीच उभ्या असतात.

माझी तक्रार आयोगांविषयी नाही. तक्रार वाघाविषयी आहे.

दात गेले म्हणजे वाघ गरीब झाला, आता त्याच्या अंगावर पोरं खेळवावीत, अशी समजूत ज्याने करून घेतली त्याने जिम कॉर्बेट वाचलेला नसावा. कुमाऊँमधली चंपावतची वाघीण कॉर्बेटने १९०७ साली मारली. तिच्या नावावर नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसं सांगितली जातात. मेल्यावर कॉर्बेटने तिचं तोंड पाहिलं, तर उजव्या बाजूचे दोन्ही सुळे गेलेले. वरचा अर्धा तुटलेला आणि खालचा पार हाडापर्यंत. कधीतरी कुणाच्या बंदुकीची गोळी लागली असणार. त्यामुळे तिला नेहमीची शिकार जमेना, म्हणून ती माणसांकडे वळली, असं कॉर्बेटचं म्हणणं. तेव्हा एखादा आयोग दात नसलेला वाघ आहे असं पेपरात वाचल्यावर वाचकाने हळहळण्याऐवजी आधी दाराला कडी घालावी, हे बरं.

इथे कॉर्बेटने एक गोष्ट केली, ती या विषयातल्या फार थोड्यांनी केली. त्याने तोंड उघडून पाहिलं.

बायकांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात, असं ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय. एवढा मोठा तत्त्वज्ञ, अलेक्झांडरचा गुरू, माशांपासून मधमाश्यांपर्यंत सगळ्यांची बारीक निरीक्षणं करणारा. बर्ट्रांड रसेलने पुढे यावरून त्याची यथेच्छ फिरकी घेतली. घरातल्या घरात मोजून बघायचं एवढंही याला सुचलं नाही, असा त्याचा रोख होता. मला मात्र यात ॲरिस्टॉटलचं फारसं चुकलं असं वाटत नाही. कुठल्याही नवऱ्याने बायकोला ‘जरा तोंड उघड’ म्हणून बघावं. त्यानंतर बाहेर जे काही येईल ते ऐकून घेण्यात दात मोजायचे राहूनच जातात.

पण तोंडात न बघता दातांवरून जात ठरवायची ही परंपरा तिथून जी सुरू झाली ती चांगली दोन हजार वर्षं टिकली. स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांचा एक गट केला: ज्यांना पुढचे दात नाहीत असे. त्यात मुंगीखाऊ घातला, स्लॉथ घातला, आपलं खवले मांजर घातलं. इथवर ठीक. मग त्याने त्यात हत्ती घातला! आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही विचारा, हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे तो झोपेत सांगेल. ज्यांना आपण हत्तीचे सुळे म्हणतो ते सुळे नव्हेतच. ते वरच्या जबड्यातले पटाशीचे दात आहेत, वाढत वाढत बाहेर आलेले. म्हणजे पृथ्वीच्या पाठीवर ज्याचे पुढचे दात सगळ्यात लांब, तो लिनियसच्या वहीत ‘पुढचे दात नाहीत’ या सदरात. एखादी मराठी म्हण त्याच्या कानावर गेली असती तर प्राणिशास्त्राचे बरेच कष्ट वाचले असते.

फ्रान्सच्या क्यूव्हिएने अठराव्या शतकाच्या अखेरीस हा गोंधळ आवरायला घेतला. हत्तीला बाहेर काढला आणि उरलेल्यांना सरळ नाव दिलं: बिनदाती. नाव सुटसुटीत होतं, लक्षात राहण्यासारखं होतं, फक्त लागू पडत नव्हतं. स्लॉथ झाडाला उलटा लटकून पानं चावतो, आणि चावतो ते दातांनीच. आर्मडिलोला दात असतात. त्यातला सगळ्यात मोठा, दक्षिण अमेरिकेतला राक्षसी आर्मडिलो, त्याच्या तोंडात ८० ते १०० दात असतात. माणसाची बत्तीशी त्याच्यापुढे चिल्लर. जमिनीवर राहणाऱ्या सस्तन प्राण्यांत याच्याहून जास्त दात कुणालाच नाहीत. आणि तो बिनदात्यांच्या यादीत. ही यादी नुसती चुकली असं म्हणून भागत नाही, तिने चुकण्याचा विक्रम केला. खरे बिनदाती म्हणावेत तर त्या कुटुंबात मुंगीखाऊ आणि खवले मांजर, एवढेच. बाकीच्यांना शेजारधर्म म्हणून आत घेतलेलं.

पुढे १८८९ साली अमेरिकेतल्या कोपने दातांचा नाद सोडला आणि या मंडळींच्या पाठीच्या कण्याकडे पाहिलं. मुंगीखाऊ, स्लॉथ आणि आर्मडिलो यांच्या कण्यात जे जादा सांधे असतात ते इतर सस्तन प्राण्यांत नसतात. त्याने त्यांना त्या सांध्यांवरून नाव दिलं आणि आता शास्त्रात तेच चालतं. खवले मांजर आणि आफ्रिकेतला आर्डवार्क यांची वेगळी घरं झाली. दात आहेत की नाहीत यापेक्षा कणा कसा आहे ते बघावं, ही सूचना आयोगांच्या बाबतीतही कुणी करायला हरकत नाही. पण मग समितीवर नेमायला माणसं मिळणं कठीण होईल.

या कोपचं मार्श नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाशी हाडवैर होतं. हा शब्द मी जपून वापरतोय. दोघेही जमिनीतून डायनोसॉरची हाडं उकरायचे आणि एकमेकांच्या आधी आपलं नाव लागावं म्हणून जन्मभर भांडले. त्यातला मार्श दातांच्या बाबतीत मात्र कोपपेक्षा अभागी निघाला. त्याला कॅन्ससमध्ये दात असलेल्या पक्ष्यांचे जीवाश्म सापडले. आज एकाही पक्ष्याला दात नाहीत. कावळ्याला नाहीत, गिधाडाला नाहीत, पोपटालाही नाहीत, मग तो पेरू कसाही कुरतडो. पण कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या काही समुद्री पक्ष्यांच्या चोचीत सरळ दातांच्या रांगा होत्या. मार्शने १८८० साली त्यावर जाडजूड ग्रंथ काढला, तोही सरकारी सर्वेक्षणाच्या खर्चाने. डार्विनने कौतुकाचं पत्र पाठवलं. उत्क्रांतीला याहून चांगला पुरावा आपल्या ग्रंथानंतरच्या वीस वर्षांत मिळाला नव्हता, असा त्याचा सूर होता. त्यानंतर बारा वर्षांनी, १८९२ साली, अमेरिकन काँग्रेसमध्ये अलाबामाचे एक सभासद हाच ग्रंथ हातात नाचवत उभे राहिले. जनतेच्या पैशांतून काय छापलंय बघा, म्हणे दातवाले पक्षी! सर्वेक्षण खात्याच्या अंदाजपत्रकाला कात्री लागली आणि मार्शला ताबडतोब राजीनामा पाठवण्याची तार आली. शंभर टक्के खरी गोष्ट सांगितल्याबद्दल नोकरी गेलेल्या माणसांत त्याचा नंबर बराच वर लागावा. त्यात विनोद असा की सभागृहात ती थट्टा चालली असताना कुणीही पुस्तक उघडून आतलं चित्र पाहिलं असतं तरी पुरलं असतं. पण तोंड उघडायचं नाही तसं पुस्तकही उघडायचं नाही, हा नियम लोकसभा कुठलीही असो, पाळला जातोच.

मार्शच्या बाजूने एक पुरावा फार उशिरा आला. २००६ साली कोंबडीच्या काही भ्रूणांत, जनुकात बिघाड असलेल्या, मगरीच्या दातांसारखे कोंब सापडले. अशी पिल्लं अंड्याबाहेर येईपर्यंत जगत नाहीत. पण दात करायची कृती कोंबडी विसरलेली नाही, फक्त ती करत नाही, एवढं त्यावरून कळलं. का करत नाही, याचं उत्तर मी तिच्या जागी असतो तर असं दिलं असतं की गरजच काय? ती खडे गिळते. पोटात जाड स्नायूंची एक पिशवी असते, तिच्यात दाणा आणि खडे एकत्र भरडले जातात. सगळं दळण आतल्या आत. किडत नाही, ठणकत नाही, आणि रात्री झोपताना घासायची भानगड नाही.

आता या सगळ्याची उलट बाजू. गोगलगाय. आपण तिच्यावर म्हण केली, गोगलगाय आणि पोटात पाय; म्हणजे वरून गरीब, आतून भलतंच काही. म्हण करणारा निरीक्षणात वाईट नव्हता, तो फक्त चुकीच्या ठिकाणी पाहत होता. पोटात पाय आहेत हे त्याला दिसलं, तोंडात दात आहेत हे राहिलं. गोगलगायीच्या जिभेवर बारीक दातांच्या ओळीच्या ओळी असतात, हजारोंनी. झिजले की पुढची ओळ सरकते. शंका असेल त्याने २०२२ च्या खरिपात लातूर-बीडकडे सोयाबीन पेरलेल्या शेतकऱ्याला विचारावं. कोवळी रोपं रात्रीत खुडून साफ. ज्याला आपण गरीब म्हणून हातावर घेतो त्याच्या तोंडात हजारो दात, आणि ज्याला बिनदाती म्हणून कीव करतो तो नुसत्या जिभेवर संसार करतो.

त्या नुसत्या जिभेवर संसार करणाऱ्याचं नाव खवले मांजर. हे नाव ठेवणारानेही तोंडात पाहिलेलं नाही, कारण त्यात मांजराचं काहीच नाही. म्याव नाही, मिशा नाहीत, आणि दात तर एकही नाही. अंगभर खवले, लांबट तोंड, आणि त्या तोंडात चिकट जीभ, इतकी लांब की तिचं मूळ थेट बरगड्यांच्या शेवटाशी सापडतं. रात्री निघायचं, पुढच्या पायांच्या नखांनी वारूळ फोडायचं आणि जीभ आत सोडायची. मुंग्या, वाळवी, अंडी, जे चिकटेल ते गिळायचं. चावायची बातच नाही. सोबत वाळू, बारीक खडे जातात, आणि पोटाच्या आतल्या टणक काट्यांनी त्याचं भरड दळण होतं. दात कोरून पोट भरत नाही, असं आपण कंजुषांना सांगतो. खवले मांजराने दोन्ही गोष्टींचा संबंधच ठेवलेला नाही.

त्याच्या स्वसंरक्षणाची तऱ्हा बघा. संकट आलं की चावायला दात नाहीत, पळायला वेग नाही, म्हणून ते गुंडाळून गोळा होतं. खवले बाहेर, पोट आत. वाघाबिबट्याचे दात त्यावरून घसरतात. मोठमोठे सुळेवाले हात हलवत परत जातात. फक्त एकच प्राणी असा आहे ज्याच्यापुढे ही युक्ती चालत नाही. तो वाकतो, गोळा उचलतो आणि पिशवीत टाकतो. हा प्राणी म्हणजे आपण. या खवल्यांत औषधी गुण आहेत अशा समजुतीने त्यांची जगभर चोरटी विक्री होते, आणि ते खवले ज्या द्रव्याचे बनतात त्याच द्रव्याची आपली नखं असतात. ज्यांना गरज आहे त्यांनी घरच्या घरी नेलकटरने भागवायला काय हरकत होती? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत, खवले मांजराला बसवलंय. म्हणजे कायद्याने दात असलेला आणि नसलेला एकाच पंगतीला घेतला. (हा कायदा दंतहीन आहे, असं अर्थातच पेपरात येत असतं.)

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने कोकणात या प्राण्यासाठी काम सुरू केलं, आणि डुगवे गावात २०२० च्या फेब्रुवारीत खवले मांजराचा उत्सव झाला. पालखीत खवले मांजराची प्रतिकृती! कोकणातल्या माणसाला एखाद्या गोष्टीचं महत्त्व पटवायचं तर ती पालखीत बसवावी लागते, हे ज्याला सुचलं त्याला माणसाच्या तोंडातले नसतील, पण पोटातले दात नेमके ठाऊक होते. सरकारी फलक वाचून जो गप्प पुढे जातो तो पालखी आली की चप्पल काढतो.

बोळक्यांची ही मिरवणूक तशी बरीच मोठी आहे. गाभाऱ्यापुढे ज्याला नमस्कार करून आपण आत जातो ते दगडी कासव. कासवाला दात नाहीत, नुसती चोचीसारखी कडा आहे. वेळासच्या किनाऱ्यावर ज्यांची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मुंबई-पुण्याहून गाड्या भरभरून जातात त्यांनाही नाहीत. आणि पृथ्वीवर आजवर झालेल्या प्राण्यांत जो सगळ्यात मोठा, तीस मीटरपर्यंत लांब, तो निळा देवमासा? बोळका. आईच्या पोटात असताना त्याच्या हिरड्यांत दातांचे कोंब येतात आणि जन्माआधीच विरघळून जातात; मग त्या जागी झालरीसारख्या पट्ट्या वाढतात. तो घोटभर समुद्र तोंडात घेतो, पाणी गाळून बाहेर टाकतो आणि उरलेली बारीक कोळंबीसारखी जीवसृष्टी टनावारी गिळतो. आता याला ‘दात नसलेला’ म्हणून कुणी हिणवून दाखवावं.

प्राण्यांचं ठीक आहे, आपल्याकडे देवांतही एक बोळका आहे. पूषा. वेदांतला देव, वाटा दाखवणारा, गुरं सांभाळणारा. शतपथ ब्राह्मणात त्याच्या दातांची हकिगत आहे: यज्ञातला एक जालीम भाग त्याने खाल्ला आणि त्याचे दात गेले, म्हणून त्याला पिठाचा नैवेद्य. भागवतात कथा अधिक रंगतदार होते. दक्षाच्या यज्ञात दक्ष शंकराची निंदा करत असताना पूषा दात दाखवून हसला होता. हसतील त्यांचे दात दिसतील, एवढं आपण म्हणतो आणि सोडून देतो. वीरभद्र सोडून देणारातला नव्हता. त्याने ते दिसलेले दात तिथल्या तिथे पाडले. दात घशात घालणे या वाक्प्रचाराचा इतका शब्दशः वापर पुराणांत दुसरा नसावा.

पुढे शंकर शांत झाले, ज्याचं त्याचं डोकं आणि अवयव परत जोडून द्यायला सुरुवात झाली. दक्षाला बोकडाचं डोकं मिळालं. पूषाची पाळी आली तेव्हा शंकरांनी दिलेला निकाल मला फार आवडतो: पूषाने पीठ खावं, आणि चावायचं असेल तर यजमानाच्या दातांनी चावावं. देवाची कवळी करून देण्याऐवजी दुसऱ्याचे दात भाड्याने! कुठल्याही सरकारी खात्याला सुचला नसता इतका सोयीचा तोडगा.

या तोडग्याची अंमलबजावणी मी डोळ्यांनी पाहिली आहे, माझ्या आत्याकडे, कोकणात. तिचे दात लवकर गेले. ‘बरंच झालं,’ ती म्हणायची, ‘दुखायला आता काही उरलंच नाही.’ दिवाळीत चकली तळून झाली की ती कढईशेजारी पाटावर बसून आम्हा पोरांपैकी एकाला बोलवायची आणि तोंडात एक तुकडा घालायची. ‘चाव.’ चावलं की ती कान पुढे करून ऐकायची. ‘मोहन कमी पडलंय,’ असा निकाल त्या आवाजावरून लागायचा आणि तो कधी चुकला नाही. यजमानाचे दात आणि आत्याचे कान.

तिचा स्वतःचा दाताचा सगळा कारभार एका पितळी खलबत्त्यात होता. मुठीएवढा, बाहेरून काळपट आणि आतून कुटून कुटून लखलखीत झालेला. दुपारी जेवणानंतर त्यात पान, चुना, कात आणि फोडलेली सुपारी पडायची आणि ठक ठक सुरू व्हायचं. करंगळीने तो लगदा काढून ती गालात सारायची. आवाजाच्या लयीवरून घरात हवामान कळायचं. संथ असला तर सगळं ठीक. वेग वाढला तर सुनांनी ओळखायचं की आज आमटीत काहीतरी चुकलंय. एकदा भावकीतल्या कुणाचं पत्र आलं, बांधाच्या वादाचं, तर त्या दुपारी सुपारीचं पार पीठ झालं. दात असते तर ती नुसतीच दात-ओठ खात बसली असती. दात आहेत तेव्हा चणे नाहीत आणि चणे आहेत तेव्हा दात नाहीत, ही म्हण कुणी तिच्यापुढे म्हटली की ती उठायची, फुटाणे आणि गुळाचा खडा खलात घालायची, कुटायची आणि बकाणा भरायची. म्हण रचणाऱ्याच्या घरात खलबत्ता नसणार, असं तिचं मत.

थोरल्या मुलाने हौसेने मुंबईला नेऊन तिला कवळी करून दिली. ती एका स्टीलच्या डबीत राहायची, नथीच्या शेजारी, आणि नथीबरोबरच बाहेर निघायची. लग्नकार्य असलं की कार्यालयात शिरताना नथ आणि कवळी दोन्ही चढायच्या. फोटो होईपर्यंत ओठ मिटून, सावध. पंगत मांडली की रुमालात गुंडाळून कवळी पिशवीत, आणि मग मसालेभात, मग मठ्ठ्यात बुडवलेली जिलबी, मग पुन्हा मसालेभात. शेजारच्या पानावर बत्तिशीवाली माणसं हात धुवायला उठायची, तरी हिचं चालूच. एकदा वाढायला आलेल्या यजमानीणबाईंनी काळजीने विचारलं, ‘अहो, जेवताना तरी कवळी लावा ना.’ आत्या म्हणाली, ‘ती फोटोपुरती आल्ये. जेवायला मी स्वतः आल्ये ना!’

हत्तीच्या म्हणीचा हा इतका प्रामाणिक अवतार मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि बोळक्या हसण्याचं म्हणाल तर गेल्या शतकातलं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध बोळकं हसू आपल्याच देशातलं होतं. १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेला विलायतेत गेले आणि लँकेशायरच्या गिरण्यांत जाऊन आले. त्यांच्याच कापड-बहिष्काराने तिथल्या कामगारांच्या पोटावर पाय आलेला. गिरणीतल्या कामगार बायकांनी खरं तर दात विचकायला हवे होते. त्यांनी गांधीजींना मध्ये घेऊन टाळ्या वाजवल्या, आणि तो फोटो अजून आहे. त्या काळात साम्राज्याला भरपूर दात होते आणि ते वेळोवेळी दिसतही होते.

बोळकेपणाची सुरुवातही आपण सगळ्यांनी केलेली असते, पण तेव्हा त्याचा कुणी अपमान करत नाही. तान्हं मूल हिरड्या दाखवून हसलं की दहा माणसं जमतात. पहिल्या दाताची मात्र आमच्याकडच्या बायकांत धास्ती. खालचा आधी आला तर ठीक. वरचा आधी आला तर मामाला वाईट, आणि मग ते निस्तरायला मामाने काहीतरी चांदीचं द्यायचं. म्हणून भाच्याच्या दातावर सगळ्यात बारीक नजर मामाची. आमच्या शेजारच्या घरात परवा असाच मामा आला. बॅग खाली ठेवली, हात धुतले नाहीत, थेट पाळण्याकडे. घरातल्या बायका सांगत होत्या, खालचाच आहे, आम्ही पाहिलाय. पण चांदीचा भाव हल्ली काय झालाय, ऐकीव माहितीवर कोण विसंबणार? त्याने स्वतः भाच्याच्या तोंडात बोट घातलं, खालची हिरडी चाचपली, मग वरची. या सगळ्या इतिहासात कॉर्बेटनंतर प्रत्यक्ष तपासणी करणारा हाच. भाच्याने शांतपणे त्याच्याकडे पाहिलं आणि चावला. मामा ओरडला, बोट झटकलं, आणि क्षणभराने चेहरा उजळून म्हणाला, ‘खालचाच आहे!’